चार पौंड लोणी आणि एक बाटली

अमेरिकेत नवीन आलेल्या मराठी कुटुंबाला कुणीतरी जुनाजाणता दादा नाहीतर वहिनी पहिल्या महिनाभरात कॉस्टकोला, म्हणजे वार्षिक फी भरून मेंबर व्हायचं आणि माल मोठ्या पॅकमध्ये घ्यायचा अशा गोदामवजा दुकानात, घेऊन जातातच, आणि तिथे त्या नव्या माणसाच्या तोंडून एकच वाक्य निघतं, "एवढं सगळं संपवणार कोण?" प्रश्न अगदी रास्त आहे. आम्ही कॅलिफोर्नियातल्या बे एरियात इतकी वर्षं राहून पण त्याचं खरं उत्तर शोधतोच आहोत. तीन पौंडांची बदामाची पिशवी, दहा पौंड कांदे, दुधाचे दोन गॅलन एकत्र बांधलेले. आपल्याकडे आजी वर्षाचं धान्य भरायची ते ठीक, पण तिच्या घरी जेवायला पंधरा माणसं असायची, इथे दोन मोठे आणि एक पोरगी, तिला पण फक्त पास्ता आवडतो.

तरी लोक जातात, कारण भाव खरंच कमी असतो आणि त्याचं कारण साधं आहे. हे दुकान मालावर नफा कमी लावतं, बाहेरच्या ब्रँडवर साधारण १४ टक्के आणि त्यांच्या स्वतःच्या कर्कलंडवर १५ टक्के ही त्यांची वरची मर्यादा. खरी कमाई आपल्या मेंबरशिपची. २०२४ च्या आर्थिक वर्षात नुसत्या फीमधून कंपनीला ४.८ अब्ज डॉलर मिळाले आणि वर्षाचा निव्वळ नफा होता ७.४ अब्जांच्या आसपास, म्हणजे आपण आत पाऊल टाकायच्या आधीच त्यांचं बरंचसं काम झालेलं असतं. साधं कार्ड ६५ डॉलर, एक्झिक्युटिव्ह १३०, त्या वरच्या ६५ च्या बदल्यात खरेदीवर २ टक्के परत मिळतात, त्यामुळे वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी झाली तर ते वरचे पैसे सुटले, महिन्याला २७१ पडले. आता हे गणित एकदा डोक्यात बसलं की माणूस बिघडतो हो, २७१ व्हायला हवेत म्हणून ट्रॉलीत काय काय येतं ते बघा, टॉवेल येतात, कायाक, म्हणजे वल्हवायची छोटी होडीसुद्धा येऊ शकते.

माझं मत असं झालंय की किराणा इथे स्वस्त पडतो तो वाटून घेणाऱ्यालाच. लोण्याचं उदाहरण घ्या. बिनमिठाच्या लोण्याचा चार पौंडांचा पॅक येतो, म्हणजे जवळजवळ १.८ किलो, आणि त्यात ८० टक्के फॅट, तेव्हा कढवलं की दीड किलोच्या जरा आत तूप निघतं. इथल्या मराठी घरांमधला हा सगळ्यात पक्का उद्योग असेल. विरजणाचं लोणी नसल्यामुळे आपल्या घरच्या तुपाचा वास त्याला येत नाही हे कबूल करायला हवं, बेरी पण जराशीच निघते, पण बरणीतल्या तयार तुपाचा भाव पाहिलात तर तक्रार कुणी करणार नाही. तर आम्ही तीन घरं मिळून लोणी, बदाम, काजू, बासमतीची मोठी गोणी एकदम आणतो आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर वजनकाटा ठेवून वाटतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करत आलीये, शेजारपाजारची घरं एकत्र यायची, घाऊक भावात माल यायचा, कुणाच्या तरी हॉलमध्ये वाटप. आई त्या वाटपाला जायची. फरक एवढाच की तिथे ग्राहकच मालक होते, इथे आपण फी भरून पाहुणे.

डाळी मात्र इंडियन स्टोअरमधूनच. तूर, मसूर, मेथीची जुडी, कढीपत्ता, यासाठी कॉस्टकोच्या नादी लागू नये. आणि फळं घेताना मनाला विचारावं, कारण सहा अवाकाडो एकाच दिवशी पिकतात आणि दुसऱ्या दिवशी काळे पडतात, तिथे बचत वगैरे काही नसते.

आता वाइन. माझ्या मते त्या अख्ख्या गोदामात सगळ्यात प्रामाणिक बचत वाइनच्या खोक्यांपाशी आहे. का, तर बाटली तीच ७५० मिलीची, जी बाहेरच्या दुकानात मिळते, आणि एक एक घेता येते. मेयोनीजसारखी बादली नाही. नफ्याची मर्यादा तीच असल्यामुळे कॅलिफोर्नियातल्याच नापा, सोनोमाच्या ओळखीच्या बाटल्या बाहेरच्यापेक्षा काही डॉलरनी खाली असतात, आणि कर्कलंडचं लेबल लावलेली न्यूझीलंडच्या मार्लबरोची सोव्हिन्यॉं ब्लाँ ही व्हाइट वाइन किंवा इटलीची फेसाळ प्रोसेको दहा डॉलरच्या आत मिळते. पार्टीत कुणी लेबल वाचून नाक मुरडलं तर मुरडू दे, ग्लासात ओतून दिली की पाव भाजीबरोबर प्रोसेको छान जाते, करून बघा. साठवायची वगैरे असेल तर मात्र हा रस्ता नाही, माहितीचा माणूस तिथे उभा असेलच असं नाही, आणि निवड जितकी दिसते तितकी नसते.

किमतीच्या पाटीकडे नीट बघायची सवय लावावी. शेवटी ९७ सेंट असतील तर बहुतेक वेळा तो माल काढून टाकायचा असतो, आणि वरच्या कोपऱ्यात छोटी चांदणी (*) असेल तर तो बहुधा परत येणार नाही. वाइनच्या पाटीवर चांदणी दिसली आणि आधी प्यायलेली आवडली असेल तर तेवढ्या वेळेला जास्त बाटल्या घ्याव्यात, न उघडलेल्या लगेच खराब होत नाहीत. आणखी एक, कॅलिफोर्नियात दारू घ्यायला मेंबरशिप लागत नाही, दारात तसं सांगितलं की सोडतात. सगळ्या राज्यांत असं नाही, काही ठिकाणी तर कॉस्टकोत वाइनच नसते, तिकडचे कायदे वेगळे. गंमत अशी की हे ठाऊक असूनही कार्ड नसलेला एकही मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही.

आमच्या तीन घरांत कार्ड माझं आहे. लोणी, काजू, तांदूळ यांचे पैसे सेंटपर्यंत वाटले जातात, वहिनी तर वजनकाट्याचा शून्य तपासल्याशिवाय बदाम ओतत नाहीत. पण त्या सगळ्या खरेदीवरचे २ टक्के वर्षअखेरीला माझ्याच नावावर येतात, त्याचा हिशोब अजून कुणी मागितलेला नाही आणि मीही विषय काढलेला नाही.