वळीव आणि मृगाच्या मधे: घरचं काम आपण करायचं की मेस्त्रीला द्यायचं?

पहिला वळीव पडून गेला की पेन्सिल घेऊन छताकडे बघा. ओलीचा डाग दिसला तर कडेनं रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. पुढच्या वळवानंतर डाग रेघेबाहेर सरकला तर पाणी पावसाचंच आहे. आठ-दहा दिवस कोरडे जाऊनही डाग तेवढाच ओला राहिला, तर पावसाला दोष देऊ नका. वरची मोरी किंवा टाकीचा पाइप तपासा. नुसती गच्ची रंगवून हा डाग कधीच जायचा नाही.

बेळगावात वळीव ते मृग एवढाच काय तो वेळ मिळतो, आणि नेमके तेव्हाच सगळे मेस्त्री गुंतलेले. त्यामुळे मे महिन्यात ‘आपणच करून टाकू’ म्हणणारे वाढतात. करावं की. फक्त आधी दोन गोष्टी बघाव्यात: हातून चूक झाली तर ती लगेच दिसेल का, आणि दिसल्यावर काम परत करायला सवड मिळेल का?

नळ गळतोय? दोन्हींची उत्तरं हो. मेन कॉक बंद करा, स्पिंडल काढा, वायसर बदला. आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्याच दिशेनं आठ-दहा वेढे. चुकलं तर दोन मिनिटांत थेंब दिसतो आणि पुन्हा करता येतं. यासाठी प्लंबरला बोलवू नये.

गच्चीला वॉटरप्रूफ कोटिंग मारायची गोष्ट वेगळी. तिथली चूक पहिल्या मोठ्या पावसात कळते, आणि मग दिवाळीपर्यंत गच्ची नीट सुकतच नाही. तरीही हे काम घरच्या घरी होण्यासारखं आहे, घाई केली नाही तर. आधी तारेच्या ब्रशनं शेवाळ घासून काढा, धुवा, दोन-तीन दिवस कडक ऊन लागू द्या. सुकली की नाही हे हातानं कळत नाही. फूट-दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबायचं. ओल्या कोब्यावर लावलेल्या थराला महिन्याभरात फुगे येतात, कारण आतली वाफ उन्हात बाहेर पडायला बघते.

भेगा छन्नीनं पाच-सहा मिमी खोल, इंग्रजी ‘व्ही’सारख्या उघडा आणि लवचीक क्रॅक फिलरनं भरा. नुसतं सिमेंट भरू नका. सिमेंट सुकताना आकसतं, आणि स्लॅब रोजच्या उन्हा-गारव्यात हलत असतो, त्यामुळे तीच भेग शेजारून पुन्हा उघडते. पण बहुतेक गच्च्या मधोमध गळत नाहीत. गळतात त्या कठड्याच्या पायथ्याशी आणि पाणी जायच्या पाइपाच्या तोंडाशी. कठडा आणि गच्ची जिथं मिळतात त्या कोपऱ्यात सगळीकडे १:३ मालाचा (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) दोन इंची गोळा, म्हणजे गोलसर उतार, मारा, मालात लॅटेक्स (माल चिकट करणारं द्रव) घाला, आणि गोळा पूर्ण सुकल्यावरच कोटिंगला हात घाला. पहिला हात ओला असतानाच त्या गोळ्यावर आणि पाइपाभोवती फायबरची जाळी दाबून बसवा. दुसरा हात पहिल्याला आडवा, दुसऱ्या दिवशी. दोन्ही हात कठड्यावर फूटभर वर न्या. काम सकाळी दहाच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर; तापलेल्या स्लॅबवर वरची साय लगेच धरते आणि खालचा थर कच्चा राहतो. डब्यावर लिहिलेला पसरण्याचा आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो. खरखरीत कोब्याला त्याच्या दीडपट माल धरा, नाहीतर शेवटच्या कोपऱ्यात पाणी घालून थर पातळ करायचा मोह होतो. गळती नेमकी त्याच कोपऱ्यात निघते.

दोन ठिकाणी मात्र हात आखडता घ्या. जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवायचा बेत असेल तर शंभर मिमी जाडीचा कोबा चौरस मीटरला साधारण २०० किलो भरतो. तो भार स्लॅब पेलेल का, हे इंजिनिअरलाच विचारा. आणि छताचं काँक्रीट सुटून गंजलेली सळई दिसत असेल तर पुट्टी लावून झाकू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, तोच काँक्रीट फोडतो, आणि पुट्टीखाली त्याचं काम चालूच राहतं.

शहापूर-वडगावातली जुनी घरं आणि खानापूर तालुक्यातली बहुतेक गावं अजून मंगळुरी कौलांखाली आहेत. तुटलेलं कौल बदलणं दहा मिनिटांचं काम: वरच्या ओळीतलं कौल थोडं उचलायचं, फुटकं खाली ओढून काढायचं, नव्या कौलाचं नाक रिपेत (कौलं पेलणाऱ्या आडव्या लाकडी पट्टीत) अडकवायचं. दुसऱ्या साच्याचं कौल शेजारच्या खाचेत बसत नाही, म्हणून नमुन्याला जुनं कौल दुकानात घेऊन जा. इथं अवघड आहे ते पाखावर चढणं. कौलावर थेट पाय ठेवू नये, दोन-तीन वाशांवर भार जाईल अशी फळी टाकावी, शेवाळ ओलं असताना चढूच नये. आतून बॅटरी मारून बघा: रिप कुजलेली किंवा वासा वाळवीनं पोकळ दिसला तर सुताराला बोलवा. सिमेंटचे पत्रे असतील तर त्यावर कुणीच चढू नये, मेस्त्रीनंही फळीशिवाय नाही.

आता वायरिंग. इथली चूक दिसत नाही, पेटीत बसून राहते. दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. तो सहा अँपिअरच्या सॉकेटवर अ‍ॅडॉप्टर लावून चालवला तर पहिल्या दिवशी काहीच होत नाही. स्क्रू सैल असेल तर सांधा रोज थोडा तापतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी प्लास्टिक काळं पडल्यावर वास येतो. बल्ब किंवा ट्यूब बदला, आरसीसीबीचं (करंट गळला की लाइन तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून ते पडतं का बघा. नवी लाइन, अर्थिंग, मीटरपाशी काहीही: परवानाधारक वायरमन. आणि गिझर, एसी घ्यायच्या आधी हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) बिलावर मंजूर भार किती किलोवॉट आहे तेवढं वाचा.

भिंती रंगवणं सगळ्यांना सोपं वाटतं, आणि कोरड्या भिंतीपुरतं ते आहेही. जांभ्याच्या जुन्या भिंतीला लोणा लागला असेल तर मात्र रंगाचा डबा बाजूला ठेवा. भिंत जमिनीतून पाणी ओढते, पाण्याबरोबर क्षार वर येतात आणि पाणी उडालं की ते गिलाव्यात फुगतात. वरून पुट्टी आणि प्लास्टिक पेंट लावला की पाण्याची वाट बंद होते, आणि ते आणखी वर चढून पोपडे पाडतं. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच हात बरा. भिंतीला श्वास घेता येतो. दरवर्षी पुन्हा मारावा लागतो, हे खरं.

मेस्त्रीला द्यायचं ठरलं तर उक्तं बोलताना चौरस फुटाच्या दराबरोबर गोळा, जाळी, किती हात आणि पाणी कोंडून दाखवणं, हे चारही कागदावर घ्या. शेवटचा हप्ता पाणी कोंडल्यावर. कोटिंगला आठवडाभर सुकू दिल्यावर पाइप बंद करून इंचभर पाणी ४८ तास ठेवायचं. ४०० चौरस फुटांच्या गच्चीला साधारण ९५० लिटर लागतं, आणि मे महिन्यात एवढं पाणी ओतायला जीव होत नाही. म्हणून मातीचे बांध घालून एकेक कोपरा तपासला तरी चालतो. पातळीची खूण खडूनं करा आणि शेजारी प्लास्टिकच्या टबात तेवढंच खोल पाणी ठेवून तिथंही खूण करा. उन्हानं दोन्हीकडचं पाणी साधारण सारखंच उतरायला हवं. गच्चीवरचं बरंच जास्त उतरलं, तर खाली जाऊन छताकडे बघा.