रात्री नऊनंतर या

पाणी कधी येणार, गेटपाशी गाडी कोणी लावली, अशा गदारोळात पावसाळ्यात एके दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप येतो : ‘आज आमच्याकडे ब्रह्मकमळ उमलणार. रात्री नऊनंतर या.’ आणि एरवी लिफ्टमध्ये मोबाइलमधून मान वर न काढणारी माणसं दाराबाहेर चपलांचा ढीग करून कोणाच्या तरी बाल्कनीत दाटीवाटीनं उभी राहतात. हळदकुंकू वाहिलं जातं, निरांजन ओवाळलं जातं, चहा होतो.

अस्सल ब्रह्मकमळ हिमालयातलं, साडेतीन हजार मीटरांच्या वरचं, सूर्यफुलाच्या कुळातलं. कुंडीतलं हे म्हणजे एपिफायलम नावाचं निवडुंग, मूळचं मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं. हे भर गर्दीत सांगणारा एक जण प्रत्येक इमारतीत असतोच. आमच्याकडे तो मी. काकू शांतपणे ऐकून घेतात आणि ओवाळत राहतात. मला त्यांचंच बरोबर वाटतं.

निवडुंग असलं तरी वाळवंटाशी याचा संबंध नाही. तिकडच्या दमट जंगलात झाडांच्या बेचक्यांत साठलेल्या पालापाचोळ्यावर ते वाढतं. मोठ्या झाडाला काटेही नसतात. आपण ज्याला पान म्हणतो ते चपटं झालेलं खोड. म्हणूनच कळी त्याच्या कडेला फुटते. ही कळी आधी खाली लोंबते, मग मान वर वळवते आणि फुगते. त्यावरून ‘आज नक्की’ असं छातीठोक सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

एवढा पांढरा रंग, एवढा वास, वीतभर नळीच्या तळाशी ठेवलेला मध : हा सगळा थाट अंधारात येणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी. आपण मोबाइलचे फ्लॅश मारत मध्येच उभे. सांगली-सोलापूरकडे शेतात लावतात ते ड्रॅगन फ्रूट याचंच नातलग, फूलही रात्रीच उमलणारं. पण तिथे फळ धरतं, पैसे होतात. आपल्या कुंडीत फळ सहसा दिसत नाही.

सकाळी फूल मलूल लोंबत असतं. त्याच्याकडे कोणी बघत नाही, पण दारात दोघी-तिघी उभ्या असतात : ‘एक पान द्या ना.’ ते दोन-चार दिवस सुकू द्यायचं, मग अर्धं मातीत खोचायचं, हमखास लागतं. फुलासाठी मात्र दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. भाडेकरूंनी कुंडी हलकीच घ्यावी.