१६ वर्षांचा गॅप

विद्यापीठाच्या प्लेसमेंट सेलमध्ये मला नऊ वर्षं झाली. कंपनी येते त्या दिवशीचा निम्मा निकाल आधीच एक्सेलमध्ये लागलेला असतो. गुण, बॅकलॉग म्हणजे राहिलेले विषय आणि गॅप म्हणजे शिक्षणात पडलेला खंड, या तीन रकान्यांना फिल्टर लावला की कित्येक नावं मुलाखतीआधीच गळतात. त्या दिवशी गळालेलं एक नाव संख्याशास्त्रात वर्गात पहिल्या आलेल्या बाईंचं होतं. वय ४१, गॅप १६ वर्षं. कंपनीची अट जास्तीत जास्त एका वर्षाची.

मधे वर्षं गेली म्हणजे पोरगं नापास झालं असणार, असा या अटीमागचा हिशेब. बाई त्या वर्षांत एका वाहतूक कंपनीचं वेळापत्रक सांभाळत होत्या. ट्रक रिकामे परतू नयेत म्हणून कुठला माल कुठे चढवायचा, हे वहीत मांडून ठरवायच्या. ती वही मी पाहिली आहे. प्रत्येक फेरीपुढे अंदाजे वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि लाल पेनाने फरक. अंदाज किती चुकतो आणि कुठल्या बाजूला चुकतो, हे आम्ही दुसऱ्या वर्षाला शिकवतो. बाई ते आधीच करत होत्या.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे पहिले विद्यार्थी १९७१ साली, शाळेच्या गुणांची अट नसताना शिकायला लागले. फ्रान्समध्ये २००२ च्या कायद्याने कामाचा अनुभव पदवीसाठी धरला जातो. आमच्याकडे आलेल्या फॉर्मला मात्र शाळा सोडल्याचं वर्ष भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही.

एचआरचं उत्तर एकच, ‘सिस्टीम घेत नाही.’ शेवटी जेवणाच्या सुट्टीत मी बाईंना वही घेऊन पॅनेलप्रमुखांसमोर बसवलं. त्यांनी दहा मिनिटं पानं उलटली. मग विचारलं, “हे बायोडेटात का नाही?”

नव्हतं, कारण मीच काढायला लावलं होतं. वय कळेल, शाळेचं वर्ष नको, जुनी नोकरी एका ओळीत आणा. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना आम्ही सगळे हेच सांगतो.

“राहून गेलं,” बाई म्हणाल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

आठवड्याने ऑफर आली, ट्रेनीची, नव्या मुलांच्याच पगारावर. त्यांनी ती घेतली.

काल ३८ वर्षांचे एक विद्यार्थी बायोडेटा घेऊन आले. शाळेचं वर्ष काढू का, विचारत होते. मी त्यांना परवा यायला सांगितलंय.