तुम्ही विचारलंत म्हणून: पायी चालणाऱ्यालाच का शिकवता?

नवरात्रात औशाच्या पुढं महामार्गाच्या कडेला रेडियमच्या पट्ट्या घेऊन मी उभी असते, तेव्हा तुळजापूरला पायी निघालेल्यांपैकी कुणीतरी हे विचारतंच. शाळेत सायकलींना पट्ट्या लावताना पालकही विचारतात. "मॅडम, उडवतो गाडीवाला आणि शिकवायलात आम्हाला?"

प्रश्न खरा आहे, म्हणूनच टोचतो. 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 32,825 पायी चालणारी होती. हे मी सभेत सांगते, लोक माना डोलावतात. सभेत सांगत नाही ते इथं लिहिते.

आमच्या शाळेतली एक मुलगी दहावीचा जादा तास संपवून घरी निघाली होती. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली सायकल. डिसेंबर, म्हणजे सहाच्या आत दिवस मावळलेला. फाट्याच्या अलीकडं मागून आलेल्या कारनं तिला उडवलं. मी पोचले तेव्हा तिला लातूरला हलवलं होतं, सायकल तिथंच पडली होती. मागच्या मडगार्डला कंपनीचा लाल रिफ्लेक्टर होता, पण कॅरिअरला बांधलेलं दप्तर त्याच्यावर लोंबत होतं. फुटलेल्या काचा सगळ्या डाव्या साइडपट्टीवर. टायर घासल्याच्या काळ्या खुणा मात्र काचांच्या पुढून सुरू होत होत्या. म्हणजे धडक आधी, ब्रेक नंतर.

ड्रायव्हर म्हणत होता, "पोरगी एकदम आडवी आली." पंचनामा करणाऱ्यांना मी हात धरून काचा दाखवल्या, खुणा दाखवल्या. ती कडेनं सरळ चालली होती, आडवी कुठून येईल? ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "मॅडम, सायकलला लाईट होता का?"

नव्हता. मी गप्प झाले. आसपासच्या माणसांच्या तोंडावर निकाल लागलेला मला दिसला. मुलगी वाचली, पण उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही.

त्याआधीची मी म्हणायचे की जनजागृती म्हणजे हात झटकणं. सर्व्हिस रोड करा, भुयारी मार्ग करा, गावाजवळ गाड्यांचा वेग आवरा. आजही एक शब्द मागं घेत नाही, अर्ज चालूच आहेत. पण अर्ज टेबलावर पडून असताना मुली सायकलवर जातातच ना? ताशी 80 च्या वेगानं गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. माणूस दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद, आणि ब्रेक लागल्यावरही ती तीसेक मीटर गेल्याशिवाय थांबत नाही. डिपरमध्ये, म्हणजे लाईट खाली झुकवलेला असताना, काळ्या कपड्यातला माणूस त्या पन्नासेक मीटरवरून दिसतच नाही. रेडियम शंभर मीटरच्या पलीकडून चमकतं. म्हणून पट्टी दप्तराला लावा, मडगार्डला नको. फुटपाथ नसेल तिथं पायी चालणाऱ्यानं उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी बघत चालावं. सायकल मात्र डावीकडूनच चालवावी. हे सांगण्यात मी कुणाला दोषी ठरवत नाही. जीव वाचला पाहिजे, एवढंच.

तरी एक गोष्ट मला झोपू देत नाही. उद्या निम्म्या सायकलींना पट्टी असली की उरलेल्या निम्म्यांना विचारलं जाईल, पट्टी का नव्हती? दाव्यात विमा कंपनीचे वकील तेच मांडतात: तिचीही चूक आहे, भरपाई कापा. मी वाटलेली पट्टी एखाद्या मुलीच्या विरोधात पुरावा म्हणून उभी राहू शकते. याचं उत्तर माझ्याकडं नाही. ड्रायव्हरांना कुणी सांगत नाही असंही नाही. ट्रॅक्टरवाल्यांच्या ऊस भरलेल्या ट्रॉल्यांनाही आम्ही रेडियम लावतो. पण कारवाला काच खाली करत नाही, थांबत नाही. चालणारा थांबतो, ऐकतो. सोपं म्हणून मी त्यालाच गाठते का? कधीकधी तसंही असेल.

त्या मुलीचा भरपाईचा दावा चालू आहे आणि साक्षीला माझं नाव दिलंय. लाईट होता का, असं विचारतील. नव्हता, असंच सांगणार. आणि काचा कुठं होत्या, ब्रेकच्या खुणा कुठून सुरू झाल्या, हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगणार.