सोलं भिजली त्या दुपारी

शनिवार, रात्री सव्वादहा

लाईट आत्ता आली. चार तास नव्हती. पंखा फिरतोय, पण झोप येईल असं वाटत नाही, म्हणून लिहायला बसले. बुधवारचं मनातून जात नाही.

सोमवारपासून रोज तेच. सकाळी लख्ख ऊन, बाराच्या सुमाराला मोलेच्या बाजूने घाटावर ढग जमायला लागतात, दोनपर्यंत त्यांची डोकी वर चढतात आणि तीन-साडेतीनला गडगडाट. पारा ३४च्या पुढे गेलेला नाही, तरी नुसतं बसलं तरी पाठीवरून पाणी ओघळतं. समुद्राकडून येणारा वारा आधीच पाण्याने भरलेला, त्यात घाम वाळणार कुठे? खळ्यात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांचंही तसंच. ऊन मिळतं पण ती सुकत नाहीत. आणि तोच दमट वारा घाटाला अडून वर चढतो आणि दुपारी पाऊस होऊन आमच्याच खळ्यात परत येतो.

बुधवारी सोलांना तिसऱ्यांदा रस चोळला होता. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची, बियांना मीठ लावून रस सोडवायचा, सालं त्या रसात बुडवून उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा घालायची. नखं अजून जांभळी आहेत. मंगळवारी रात्री लाईट नव्हती म्हणून डोळ्याला डोळा लागला नव्हता. जेवून पाच मिनिटं पडते म्हटलं आणि लागली झोप. जाग आली ती कौलांवरच्या आवाजाने. धावले तोवर सगळी सुपं भरली होती, खळ्यातून लाल पाणी तुळशीकडे वाहत होतं.

आई ओसरीवर बसली होती. खळ्याकडे तोंड करून.

मी ओरडले. "तुला दिसलं नाही? ऐकू नाही आलं? एक हाक मारायला काय होत होतं?" शेजारी ऐकू गेलं असेल एवढ्या मोठ्याने. ती पायरी उतरत नाही हे मला ठाऊक आहे. हाक मात्र मारू शकत होती, एवढंच माझं म्हणणं होतं.

ती म्हणाली, "कळलं होतं गो. तू निजली होतीस. नाही उठवलं."

तेव्हापासून हेच एक वाक्य घोळवते आहे. खरंच कळलं होतं का तिला? कळलं असेल, तर माझ्या अर्ध्या तासाच्या झोपेसाठी तिने वर्षाची सोलं समोर भिजू दिली आणि मी तिच्यावर ओरडले. कळलं नसेल, तर ते मला समजू नये म्हणून ती तसं म्हणाली, आणि मग ती गोष्ट वेगळीच. कुठलं खरं असावं असं मला वाटतं, तेही मला ठरवता येत नाही.

कारण पाऊस आईला कळायचाच. आभाळात काही नसताना ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "पावस येता गो, सोलां काड!" समुद्राकडचा वारा पडला, माडाची झावळं जागच्या जागी थांबली की ती हातातलं टाकायची. मग घाटाकडून एकदम गार झोत यायचा, आणि तोवर आमची सुपं आत पोचलेली असायची. वीज चमकली की आम्हाला मोजायला लावायची. बारा मोजले तर अजून तळ्याकडे, सहा मोजले तर देवळापाशी. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात हे मी पुढे शाळेत शिकले, आणि तळं खरंच चारेक किलोमीटरवर आहे हे त्या दिवशी लक्षात आलं.

आता माझ्या फोनवर दामिनी हे विजेचा इशारा देणारं ॲप आहे. वीस किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर ते सांगतं. बुधवारी सांगितलंही असेल, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. म्हणजे हे सगळं आता माझ्या एकटीवर आलं आहे. ढग बघायचे मी, सुपं उचलायची मी, प्लग काढायचे मी. मृगाला अजून दोन आठवडे, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, निम्मी यादी तशीच आहे, मिरच्या दळून यायच्या आहेत, एक तारखेपासून ट्रॉलर बंद म्हणजे सुकी मासळीही याच आठवड्यात बघायला हवी. दादाने काल फोनवर विचारलं ते सोलं कधी पाठवतेस एवढंच. असो.

गुरुवारी मी एक वाईट गोष्ट केली. ढग चढत होते, झावळं थांबली होती, आणि मी दारात बसून राहिले. सुपं उचलली नाहीत. आईकडे बघत राहिले, ती बोलते का ते. स्वतःच्या आईची परीक्षा घेत बसले होते. ती काही बोलली नाही. गार झोत आला तशी मी उठले, दोन फेऱ्यांत सगळं आत घेतलं. शेवटचं सूप ओसरीवर टेकवलं तेव्हा लांब वीज चमकली.

"किती?" आईने विचारलं.

मी मोजलंच नव्हतं. तीच म्हणाली, "दहा. वेळेत काढलंस."

म्हणजे ती मोजत होती. बुधवारीही मोजत बसली असेल का, बारा, नऊ, सहा, आणि आत मी निजलेली? विचारलं नाही. विचारणारही नाही. तिने जे सांगितलं ते तसंच राहू दे. मी ओरडले होते, ते मात्र आज सकाळी तिला सांगितलं, ओरडायला नको होतं म्हणून. ती "हं" म्हणाली आणि चष्मा पुसत राहिली.

भिजलेल्या सोलांतली निम्मी बुरशीने गेली, ती माडाच्या मुळाशी ओतली. उरलेली चुलीवरच्या मांडणीत पसरून ठेवली आहेत, धुराचा वास लागेल पण टिकतील. मघाशी काळोखात आई चाचपडत तिकडे गेली, एक सोल उचलून तिने चघळलं.

"मीठ कमी पडलंय," म्हणाली.

मिठाची बरणी टेबलावर काढून ठेवली आहे.