‘ले युगनो’ : आवाजांचा तक्ता चौथ्या अंकापर्यंत

मायरबेअर या संगीतकाराच्या ‘ले युगनो’ या फ्रेंच ऑपेरातली (कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट संघर्षाची गोष्ट) पात्रं आणि त्यांचे आवाज यांचा तक्ता चौथ्या अंकापर्यंत आला. स्वरलिपी समोर ठेवून ऐकतेय, त्यामुळे गती बेतास बात.

सोपी घरं आधी भरली. राणी मार्गरित कोलोरातुरा सोप्रानो, म्हणजे झरझर ताना घेणारा बाईचा उंच आवाज. दुसऱ्या अंकात तानांची आतषबाजी, पुढे फारसं काम नाही. नव्हेर हा सरदार बॅरिटोन, म्हणजे पुरुषाचा मधला आवाज. ऊर्बँ हा पोरगेला सेवक, पण गाते बाई. १८३६ साली पॅरिसला तो सोप्रानो होता. १८४८ मध्ये लंडनला आल्बोनी या खालच्या आवाजाच्या गायिकेसाठी पट्टी खाली आणली, वर एक गाणं वाढवलं. म्हणून त्याच्यापुढे दोन नोंदी.

अडले ती नायिका वालांतीनपाशी. ही भूमिका कोर्नेली फाल्कन या गायिकेसाठी लिहिलेली. मधल्या सप्तकात गडद, भरीव गायचं आणि मध्येच तारसप्तकात झेप घ्यायची. सोप्रानो म्हणावं तर खालचे स्वर कमी पडतात, मेझो (बाईचा मधला आवाज) म्हणावं तर वरचे. या जातीच्या आवाजाला पुढे फाल्कनचंच नाव पडलं. तिचा स्वतःचा आवाज मात्र १८३७ मध्ये, जेमतेम तेविशीत, रंगमंचावरच गेला. तक्त्यात सरळ ‘फाल्कन’ लिहिलंय.

नायक राऊल टेनर, म्हणजे पुरुषाचा उंच आवाज. मूळ गायक नूरी वरचे स्वर छातीतून न काढता हलके, डोक्यातून लावायचा. पहिल्या अंकातल्या त्याच्या प्रेमगीताला व्हायोला दामोर या जुन्या तंतुवाद्याची साथ आहे. इतक्या नाजूक वाद्यावर गळा ताणणारे टेनर माझ्या कानांना सोसत नाहीत.

माझा लाडका मात्र मार्सेल, राऊलचा म्हातारा नोकर. बास, म्हणजे पुरुषाचा खर्जातला आवाज, कट्टर प्रोटेस्टंट, तोंडी ल्यूथरचं स्तोत्र. त्याच्या ‘पिफ, पाफ’ या गाण्याला पिकोलो (छोटी बासरी), बसून (खर्जातलं फुंकवाद्य), झांजा आणि ड्रम, एरवी तो बोलू लागला की खाली चेलो आणि डबल बास. डोळे मिटूनही कळतं कोण आलं ते.

समोर कॅथलिकांचा पुढारी साँ-ब्री, तोही खालच्या आवाजाचा. चौथ्या अंकात प्रोटेस्टंटांच्या कत्तलीआधी खंजिरांना आशीर्वाद देण्याच्या प्रसंगात मुळात राजमाता कात्रीन द मेदिची यायची होती. सेन्सॉरने राजमातेला मंचावर येऊ दिलं नाही, आणि तो भार साँ-ब्रीवर आला. त्या पुरुषी गदारोळात तिचा आवाज कसा चिरत गेला असता!

पाचवा अंक राहिलाय. मार्सेल मरणाच्या दारात राऊल-वालांतीनचं लग्न लावतो तिथे बास क्लॅरिनेट एकटी वाजते. पूर्वी बऱ्याच ठिकाणी हा अंकच गाळत. न कापलेलं ध्वनिमुद्रण कुणी ऐकलं असेल, तर त्यात मार्सेल कोण आहे ते आधी सांगा.