शेअर ५००, शब्द दिलेला ४२० चा

माझं काम म्हणजे क्लायंटकडे जे ॲपल, मायक्रोसॉफ्ट, मेटा असले मोठे टेक शेअर पडून असतात त्यांच्यावर कॉल विकायचा, म्हणजे ठरावीक तारखेपर्यंत ठरावीक भावाला (स्ट्राइक) ते शेअर विकत घ्यायचा हक्क समोरच्याला द्यायचा, त्याबद्दल मिळणारे पैसे म्हणजे प्रीमियम जमा करायचा आणि ती तारीख उलटली, म्हणजे एक्सपायरी झाली, की परत विकायचा. कव्हर्ड कॉल. बरेच जण याला शेअरचं भाडं म्हणतात, मीही म्हणायचे, पण १ आणि २ फेब्रुवारी २०२४ नंतर तो शब्द मी क्लायंटसमोर वापरलेला नाही.

एक रिटायर्ड मॅडम आहेत, त्यांच्याकडे मेटाचे ५०० शेअर. नोव्हेंबर २०२२ मध्ये ११० च्या आसपास घेतलेले, जेव्हा सगळे तो शेअर टाकून पळत होते. नंतर भाव बराच वाढला, पण कंपनी डिव्हिडंड देत नव्हती आणि त्यांचं एकच म्हणणं, "भाव वाढलाय ते दिसतंय गं, पण महिन्याला हातात काय येतं?" म्हणून मी कॉल विकायला लागले. ऑक्टोबर २०२३ च्या रिझल्टच्या आधी विकलेला कॉल शेअर पडल्यामुळे शून्यावर गेला, प्रीमियम पूर्ण आपला, त्या खूश आणि मीपण, आणि माझी चूक खरं तर तिथेच सुरू झाली कारण रिझल्टच्या आधीचा जाडजूड प्रीमियम घ्यायची मला सवय लागली.

तर १ फेब्रुवारी, गुरुवार. मार्केट बंद झाल्यावर मेटाचे रिझल्ट आणि शुक्रवारी वीकली एक्सपायरी. शेअर ३९५ च्या आसपास. ४२० च्या कॉलला, म्हणजे ४२० ला शेअर द्यायच्या शब्दाला, शेअरमागे ४ डॉलर मिळत होते. एरवी एक दिवस उरलेल्या आणि सहा टक्के लांब असलेल्या कॉलला काही सेंटसुद्धा मुश्किलीने मिळतात, म्हणजे हे ४ डॉलर मार्केट आपल्याला उगाच देत नव्हतं, उद्या मोठी उडी बसू शकते याचे ते पैसे होते. मला हे माहीत होतं. आदल्याच वर्षी मे महिन्यात रिझल्टनंतर एनव्हिडिया एका दिवसात २४ टक्के उडालेला मी स्क्रीनवर बघितला होता. तरी ५ कॉन्ट्रॅक्ट विकले, एकात १०० शेअर म्हणजे सगळेच्या सगळे ५००, आणि २००० डॉलर जमा झाले.

संध्याकाळी रिझल्ट आले. महसूल २५ टक्के वर, नफा तिप्पट, ५० अब्ज डॉलरचं बायबॅक (कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणं), आणि खाली एक ओळ होती ती मी दोनदा वाचली: शेअरमागे ५० सेंट डिव्हिडंड, कंपनीच्या इतिहासातला पहिला. भाव ४५० वर गेला. जे त्या मॅडमना इतके दिवस हवं होतं ते कंपनी स्वतःहून द्यायला निघाली होती आणि मी त्यांचा एकूण एक शेअर ४२० ला द्यायचा शब्द देऊन बसले होते. रात्री झोप लागली नाही.

सकाळी मार्केट उघडायच्या आधी फोन केला. मला वाटलं त्या रागावतील, पण त्या म्हणाल्या, "काल ३९५ होता ना, मग ४२० पण फायदाच की." बरोबरच होतं, त्यांच्या खिशातून काही गेलं नव्हतं. मग जरा थांबून विचारलं, "आणि टॅक्स?" ११० चा शेअर ४२० ला जाणार, प्रीमियम विक्रीच्या भावात धरला तर शेअरमागे ३१४ डॉलर नफा, ५०० चा हिशोब १,५७,०००. नुसता १५ टक्क्यांचा फेडरल लाँग टर्म दर धरला तरी तेवीस हजारांच्या वर. घेतले होते २०००. हे गणित मी कॉल विकायच्या आधी त्यांच्यासमोर मांडायला हवं होतं, ते मी त्यांनी विचारल्यावर मांडलं, आणि मी फोनवर तसं स्पष्ट सांगितलं.

माझे वरिष्ठ, सर, म्हणाले रोल कर, हा कॉल परत घे आणि लांबचा वरच्या स्ट्राइकचा विक. मला ते नको होतं, भाव स्ट्राइकच्या इतका वर गेलेला कॉल रोल करून फक्त त्रास पुढच्या महिन्यात ढकलला जातो. मॅडमनाच विचारलं, किती शेअर गेले तर चालतील? त्यांनी विचार करून सांगितलं, २०० जाऊ देत, ३०० ठेव. शेअर ४६३ च्या आसपास होता, कॉलच्या बिड आणि आस्कमध्ये, म्हणजे घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावात, एवढं अंतर की मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर टाकणं म्हणजे पैसे फेकणं, म्हणून आपला भाव ठरवून लिमिट लावली, दोनदा बदलली, शेवटी ४३.४० ला ३ कॉन्ट्रॅक्ट परत घेतले. १३,०२० डॉलर त्यांच्या शिलकीतून गेले. शेअर एक डॉलर वर सरकला की त्या बाईंचे जवळपास ३०० डॉलर जास्त जाणार, हे डोक्यात ठेवून ती वीस मिनिटं काढली. शेअर बंद झाला ४७४.९९ ला, २० टक्के वर, थांबलो असतो तर तेच ५५ ला पडलं असतं. उरलेले २ कॉन्ट्रॅक्ट असाइन झाले, म्हणजे समोरच्याने हक्क वापरला, आणि २०० शेअर ४२० ला गेले.

त्यानंतर मी त्यांच्या खात्यासाठी दोन गोष्टी लिहूनच ठेवल्या, रिझल्टच्या आठवड्यात कॉल नाही आणि कधीही अर्ध्यापेक्षा जास्त शेअरवर नाही. २६ मार्चला पहिला डिव्हिडंड आला, ३०० शेअरचे १५० डॉलर. फोन आला, "हे कोणाला परत नाही ना द्यायचे?" नाही मॅडम, म्हटलं, हे तुमचे.

एप्रिलच्या रिझल्टला आम्ही कॉल विकला नाही आणि शेअर एका दिवसात दहा टक्क्यांहून जास्त पडला, म्हणजे विकला असता तर प्रीमियम पूर्ण राहिला असता. हेही मी त्यांना फोन करून सांगितलं. "राहू दे, ३०० आहेत ना जागेवर?" म्हणाल्या. म्हटलं आहेत.